पश्चिम घाट, दोडामार्ग, म्हादई: आपल्या आमदार-खासदारांना नेमकं काय विचारायचं आणि कुठे?

तिळारीकाठ

कोकण, गोवा, घाटमाथा, जिथले असाल तिथून लिहा. बाहेरच्यांनीही लिहा.

पश्चिम घाटाचं संवेदनशील क्षेत्र, सगळे ज्याला ईएसए म्हणतात, त्याचा पहिला मसुदा निघाला मार्च २०१४ मध्ये. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला. आकडा साधारण तोच, ५६,८२५ चौरस किलोमीटर, सहा राज्यं, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौ.किमी. मधल्या दहा वर्षांत केंद्रात मंत्री बदलले, राज्यात सरकारं आली-गेली, फुटली, परत जुळली, पण मसुदा मसुदाच राहिला. सहावा निघाला त्याच्या आदल्या दिवशी पहाटे वायनाडमध्ये डोंगर गावांवर आला होता. आपल्याकडे माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. प्रत्येक वेळी मंत्री चिखलात उभे राहून बोलले, मदत जाहीर झाली, आणि मसुदा कुठे अडलाय हे त्यांना त्या जागी कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता मूळ गोष्ट, जी आमच्या तालुक्यातल्या नव्या पोरांनाही माहीत नाही. पश्चिम घाटाचा अभ्यास करायला गाडगीळ समिती २०१० मध्ये नेमली गेली, तेव्हा सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी स्वतःहून ठराव करून सांगितलं होतं की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. कुणी पुण्याहून येऊन लादलं नव्हतं, समितीच्या अहवालातच ते लिहिलेलं आहे. कारण सरळ होतं, डोंगर खाणीला जायला लागले होते. अहवाल ऑगस्ट २०११ ला सरकारला मिळाला आणि सरकारने तो दाबून ठेवला. केरळमधल्या एका माणसाने माहिती अधिकारात मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने द्या म्हणून सांगितलं तर केंद्राचं पर्यावरण मंत्रालय दिल्ली हायकोर्टात गेलं, तिथे हरलं, मग मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. लगेच ऑगस्टमध्ये दुसरी समिती, कस्तुरीरंगन, आणि त्या समितीच्या यादीतून आमचा दोडामार्ग तालुकाच बाहेर. ज्यांनी हात वर करून मागितलं तेच वगळले गेले. कळणेची खाण तुम्ही ऐकली असेल, जुलै २०२१ ला त्या खाणीचा बांध फुटून चिखल-पाणी खाली गावात घुसलं. ते गाव याच तालुक्यातलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण "सरकार"वर चिडतो आणि सरकार म्हटलं की हाताला कुणीच लागत नाही. केंद्र म्हणतं राज्याने गावांची यादी नक्की केली नाही, राज्य म्हणतं केंद्राच्या समितीकडे आहे, आमदार म्हणतो हा केंद्राचा विषय, खासदार म्हणतो मी लोकांच्या बाजूने. लोकांच्या म्हणजे कुणाच्या? खाणीच्या की ठराव करणाऱ्या ग्रामसभेच्या? यातल्या एकेका माणसाला त्याच्या खुर्चीचा जो निर्णय आहे त्याबद्दल लेखी विचारायला पाहिजे, आणि उत्तर सांभाळून ठेवायला पाहिजे. ते कसं करायचं यावर अनुभवी लोकांनी लिहावं. "सगळे चोर आहेत" असले प्रतिसाद कृपया नकोत, त्यातून काही निघत नाही आणि चोर म्हटल्याने कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

सत्तरीकर

धागा काढलास बरं केलंस. तिळारीच्या पलीकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आम्ही, रान एकच आहे, वाघाला हद्द कुठे माहीत असते. तिळारीचं रान, आमची म्हादई, कर्नाटकातलं भीमगड, खाली मोले, नेत्रावळी, पुढे काळी व्याघ्र प्रकल्प, सगळं सलग.

गोव्याची कथा सांगते. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ मध्ये झाली ती कुठल्या निवडून आलेल्या सरकारने केली नाहीत. तेव्हा राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल जेकब होते, त्यांनी अधिसूचना काढल्या. यावरून काय ते समजा. त्यानंतर २०११ मध्ये केंद्रातले पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की व्याघ्र प्रकल्पाचा प्रस्ताव पाठवा. पुढे व्याघ्र प्राधिकरणानेही सांगितलं. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, उत्तर तेच.

मग जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष. गुरं मारली म्हणून मेलेल्या जनावरावर विष घातलं असं तपासात आलं आणि अटक झाली ती गुरं पाळणाऱ्या गरीब घरातल्यांना. केलं ते चुकीचंच, त्यात दुमत नाही. पण नुकसानभरपाई त्या घरापर्यंत किती दिवसांत पोचते हा प्रश्न त्या खात्याच्या मंत्र्याला विचारायचा असतो, तो तेव्हा कुणी विचारला नाही. चार वाघ गेले आणि एकाही खुर्चीला धक्का लागला नाही.

२४ जुलै २०२३ ला हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने सांगितलं की ३ महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा. त्याच निकालात असंही सांगितलं की वनहक्काचे दावे १२ महिन्यांत निकाली काढा. ही दुसरी ओळ आमच्याकडे कुणी वाचून दाखवली नाही! गावागावात सांगितलं गेलं की तुम्हाला उठवणार, घरं जाणार. वनमंत्री विश्वजित राणे हे आमच्याच सत्तरीचे आमदार, त्यांनी जाहीरपणे विरोध केला आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. विरोध करायचा अधिकार आहे त्यांना, पण मग हे सांगा ना की वनहक्काचे दावे इतकी वर्षं का पडून आहेत. लोकांना जमिनीचा कागद मिळाला असता तर भीती घालायला जागाच राहिली नसती. मला हा प्रश्न वाघापेक्षाही मोठा वाटतो.

काजूबागायतदार

सगळं वाचलं. मी बांद्याच्या जवळचा. विरोधात लिहितोय, पण मनापासून लिहितोय, चिडू नका.

माका एक सांगा, रात्री हत्ती बागेत इलो तर आमदार येतलो काय, की तुमचो पर्यावरणवालो येतलो? २००२ पासून हत्ती येतायत कर्नाटकातून. केळी, पोफळी, माड, एका रात्रीत. दहा वर्षं वाढवलेला माड तो मुळापासून ढकलतो आणि आतला गाभा खाऊन निघून जातो, पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा तिथे उरलेल्या झावळ्या सुकलेल्या असतात. मी एकदा अर्ज केला तर मला विचारलं की हत्तीनेच पाडला याचा फोटो आहे का. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन हत्तीचा फोटो काढायचा!

दुसरं, २०१३ पासून दोडामार्गात हायकोर्टाची वृक्षतोड बंदी. मी माझ्या मालकी रानातला सुकलेला किंजळ तोडायला गेलो तर दहा कागद. आणि शेजारचा अख्खा डोंगर जेसीबी लावून रबरासाठी, अननसासाठी साफ झालेला मी डोळ्याने बघितलाय. तो कसा साफ झाला, कुठल्या परवानगीने झाला? कायदा लहान माणसाला लागतो आणि मोठ्याला वाट सापडते. त्यामुळे ईएसए म्हटलं की गावात लोक आधी घाबरतात, मग तुमच्या सभेला येतात किंवा येत नाहीत.

तिळारीकाठ

काजूबागायतदार, तुम्ही विरोधात लिहिलेलं नाही हो, तुम्ही लिहिलंय तेच तर विचारायचं आहे. रबराचा डोंगर कुणाच्या काळात, कुठल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत साफ झाला हे विधानसभेत विचारण्यासारखंच आहे.

फक्त मसुद्यात काय आहे ते एकदा लिहितो, कारण यावर फार अफवा आहेत आणि अफवा पसरवणाऱ्यांत निवडून आलेले लोकही आहेत. खाण, दगडखाण, वाळू उपसा यावर पूर्ण बंदी, चालू खाणी ५ वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, जे आधी होईल तेव्हा बंद. नवीन औष्णिक वीज प्रकल्प नाही. लाल श्रेणीतले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे, नवे कारखाने नाहीत. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं नाहीत, मोठ्या टाउनशिप नाहीत. बस. शेती, बागायत चालू राहणार, जमीन विकायला-घ्यायला बंदी नाही, राहत्या घराची दुरुस्ती, वाढ करायला बंदी नाही. आता सांगा, यातलं तुमच्या काजूच्या बागेला काय लागतं? आणि कोकणात किती शेतकरी २०,००० चौ.मी.ची इमारत बांधणार आहेत? तरीही राज्याने केंद्राकडे गावं वगळा म्हणून मागणी केली. कुठली गावं आणि का, ती यादी गाववार वाचली की कळतं कुठे खाणीचं लीज आहे आणि कुठे कारखान्याची जागा.

आरेवाली

मुंबईतून लिहितेय. आमच्याकडचा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे म्हणून.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलात कटर चालू झाले. आम्ही गेटवर, आतून आवाज येतोय, पोलीस आत सोडत नाहीत. सोमवारी सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. त्या वेळी सत्तेतल्याच एका पक्षाचे नेते विरोधात बोलत होते. नंतर त्यांचं सरकार आलं, कारशेड कांजूरमार्गला नेतो म्हणाले, आरेतली ८०० एकरच्या वर जागा राखीव वन म्हणून जाहीर झाली, ती चांगली गोष्ट झाली हे मान्य करायला हवं. २०२२ ला सरकार बदललं, कारशेड परत आरेत. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंड केला, कारण ८४ झाडांची परवानगी होती आणि त्यांनी परस्पर पालिकेकडे जास्त मागितली.

दंड कंपनीला, म्हणजे आपल्याच पैशातून. रात्री झाडं तोडायचा निर्णय कुणी घेतला, कुठल्या बैठकीत, इतिवृत्तात काय लिहिलंय, हे आजपर्यंत कुठल्याही निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराला सांगावं लागलेलं नाही. म्हणून मूळ पोस्टमधला मुद्दा पटतो. कोर्टाने झाड वाचवलं तर ते झाड वाचतं, पण ज्याने निर्णय घेतला तो तसाच सुटतो आणि पुढच्या फाईलवर तशीच सही करतो.

माजी_कक्षअधिकारी

माझी नोकरी मंत्रालयात गेली, अधिवेशनाच्या काळात प्रश्नांची उत्तरं तयार करणं हेच काम होतं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आमदाराला आपण निवेदन देतो. फोटो निघतो, हार-तुरे होतात. निवेदनाला उत्तर द्यायचं कुणावर बंधन नसतं. आमदाराने सभागृहात विचारलेल्या तारांकित प्रश्नाला असतं. छापील प्रश्नाचा साचा सगळ्यांनी बघावा, विधानमंडळाच्या वेबसाइटवर मिळतो. "(१) अमुक बाब निदर्शनास आली आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीनुसार काय कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तर बनवताना आमचा पहिला प्रयत्न काय असायचा, तर पहिल्याच उपप्रश्नाला "हे खरे नाही" म्हणता येतंय का ते बघायचं. ते एकदा जमलं की खालच्या सगळ्यांना "प्रश्न उद्भवत नाही" एवढंच लिहायचं. नाही जमलं तर "हे अंशतः खरे आहे". त्यामुळे प्रश्न ढोबळ असेल, म्हणजे "कोकणातील पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे हे खरे आहे काय", तर तुम्ही आम्हाला सुटकेचा रस्ता दिलात. तारीख, गट नंबर, पत्राचा जावक क्रमांक, आदेशाचा दिनांक टाकला की "खरे नाही" लिहिताना अधिकाऱ्याचा हात थांबतो, कारण सभागृहात चुकीची माहिती दिली तर मंत्र्यावर हक्कभंग येऊ शकतो आणि मंत्री मग आमच्यावर येतो.

दुसरं म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात म्हणाला "तीन महिन्यांत बैठक घेऊ", "चौकशी करून कारवाई करू", की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि विधिमंडळाची ती समिती त्याचा पाठपुरावा करते. हे लोकांना माहीतच नाही. कार्यवाहीचा अहवाल वाचून, अमुक तारखेला अमुक मंत्र्याने असं आश्वासन दिलं होतं, त्याचं काय झालं, एवढं पत्र समितीला गेलं तरी खात्यात धावपळ होते, मी स्वतः केलेली आहे. विनंती अर्ज समितीही आहे, तिच्याकडे सामान्य माणूस आमदारामार्फत अर्ज देऊ शकतो.

आणि तुमचाच आमदार विचारायला तयार नसेल तर दुसऱ्या जिल्ह्याचा विचारू शकतो, विधान परिषदेचा विचारू शकतो. प्रश्न विरोधी पक्षाच्याच माणसाने विचारायचा असा नियम नाही, सत्ताधारी आमदारही विचारतात आणि त्यांच्या प्रश्नाची उत्तरं आम्ही जास्त काळजीने करायचो.

माळरान

सोलापूरचा. आमच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यावर दोन शब्द लिहितो कारण काजूबागायतदार म्हणतायत ते आम्ही भोगलंय.

१९७९ ला अभयारण्य जाहीर केलं ते ८,४९६ चौ.किमी. त्यात शेती, गावं, रस्ते, शहराचा भाग, सगळं. कागदावर रेघ ओढली आणि पुढची तीस वर्षं लोकांना जमिनीचे व्यवहार करताना अडचण. प्रत्येक निवडणुकीत "माळढोक हटवणार" हे भाषण ठरलेलं, मतं पडायची. शेवटी क्षेत्र १,२२२ चौ.किमी.वर आणलं. त्यात चूक काही नाही, मुळातली रेघच चुकीची होती. पण त्या तीस वर्षांत गवताळ माळ कुणी राखले? कुरणं नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या, ऊस आला, आणि पक्षी गेला. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती पेपरात बातमी होते. अभयारण्याला विरोध करून जे निवडून आले त्यांना आणि अभयारण्य जाहीर करून जे विसरले त्यांना, दोघांनाही कधी कुणी विचारलं नाही की बाबा पक्षी कुठे गेला.

म्हणून माझी विनंती, सिंधुदुर्गात गावं घालताना आणि वगळताना दोन्ही वेळा ग्रामसभेला विचारा. नाहीतर आमच्यासारखं होईल, लोकांचा पक्ष्यावर राग आणि पुढारी मोकळे.

कोचीतला_मराठी

केरळात नोकरीला आहे बरीच वर्षं, इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

२०१३-१४ ला इडुक्कीत गाडगीळ आणि कस्तुरीरंगन दोन्ही अहवालांविरुद्ध प्रचंड आंदोलन झालं, चर्चही त्यात उतरलं. तिथले काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस गाडगीळ अहवालाच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली लोकांनी, जिवंत माणसाची. २०१४ ला पक्षाने त्यांना तिथून तिकीट दिलं नाही, आणि आंदोलनाचा पाठिंबा असलेला उमेदवार निवडून आला. म्हणजे जो खरं बोलला त्याला किंमत मोजावी लागली आणि ते सगळ्या पक्षांच्या सगळ्या खासदारांनी बघितलं. २०१८ च्या पुरानंतर लोकांना त्यांची आठवण झाली. थॉमस २०२१ ला गेले.

हे मुद्दाम सांगतोय कारण धाग्यात सगळे धारेवर धरण्याबद्दल बोलतायत. जो आमदार एकटा उभा राहून बोलतो त्याच्यामागे आपण किती जण उभे असतो? तुमच्याकडे एखाद्याने खाणीविरुद्ध प्रश्न विचारला तर दुसऱ्या दिवशी त्याला दोनशे फोन विरोधातले जातात. आभाराचे दहा तरी गेले पाहिजेत. पत्र लिहा, त्याच्या कार्यालयात जाऊन सांगा, त्याच्या पक्षाला कळवा. राजकारणी माणूस हे मोजतो.

कायदाकानू

वकिली करतो, पर्यावरणाच्या केसेस थोड्या केल्या आहेत. काही गोष्टी स्पष्ट करतो.

मसुदा निघाला की हरकती-सूचनांना ६० दिवस असतात. या ६० दिवसांत मोठे लोक वकिलामार्फत हरकती घालतात आणि गावातले लोक सातव्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर अर्धवट पीडीएफ वाचतात. ग्रामसभेचा ठराव ही सगळ्यात वजनदार सूचना आहे, पण ठराव नुसता ग्रामपंचायतीच्या वहीत ठेवून चालत नाही, सचिवाच्या सहीची प्रत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला रजिस्टर पोस्टाने, ईमेलने, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शिक्का मारून. शिक्क्याची प्रत जपून ठेवा. उद्या कोर्टात किंवा विधानसभेत तुमचं नाणं तेच.

मसुद्याला ७२५ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात अंतिम अधिसूचना नाही निघाली तर तो संपतो आणि परत नवा काढावा लागतो. पाच मसुदे असेच गेले. दर वेळी कुणीतरी काहीतरी न करण्याचा निर्णय घेतला म्हणून ते गेले, आपोआप नाही गेले. ३१ जुलै २०२४ पासून मोजा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मधल्या काळात काहीच लागू नाही असंही नाही. १३ नोव्हेंबर २०१३ ला केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५ खाली निर्देश दिले होते, त्यामुळे मसुद्यातल्या क्षेत्रात नवीन खाण वगैरेंना मनाई आहे. अडचण ही की दोडामार्गासारखं क्षेत्र मसुद्याबाहेर राहिलं तर हे निर्देशही तिथे पोचत नाहीत. म्हणून तर संस्था हायकोर्टात गेल्या आणि मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांबद्दल आदेश दिले, वृक्षतोड रोखायला विशेष पथकही सांगितलं.

आणखी एक जागा जिथे कुणी बघत नाही. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान. म्हणजे "खालच्या अधिकाऱ्याने केलं" म्हणायची सोयच नाही. राष्ट्रीय मंडळाची पूर्ण बैठक २०१२ नंतर थेट मार्च २०२५ मध्ये गीरला झाली. मधली सगळी वर्षं स्थायी समिती, जिचे अध्यक्ष पर्यावरणमंत्री, ती अभयारण्यातले रस्ते, वीजवाहिन्या, रेल्वे मंजूर करत होती. इतिवृत्तं केंद्राच्या परिवेश पोर्टलवर येतात, वाचायला कंटाळवाणी आहेत, पण कोण हजर होतं, कुणी आक्षेप घेतला, काय अटी घातल्या, सगळं त्यात असतं. राज्य मंडळाचं इतिवृत्त नाही मिळालं तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

सत्तरीकर

स्थायी समितीचं निघालंच आहे म्हणून मोलेचं सांगते. एप्रिल २०२०, देश लॉकडाउनमध्ये, लोक घरात कोंडलेले, आणि व्हिडिओ कॉन्फरन्सवर बैठक. मोले आणि भगवान महावीर अभयारण्यातून महामार्गाचं रुंदीकरण, ४०० केव्हीची वीजवाहिनी. त्याच रानातून रेल्वेचं दुपदरीकरणही होतंच. कॉलेजच्या पोरांनी हे शोधून काढलं. मंजुरीचे कागद वाचून, पर्यावरण अहवालातल्या चुका दाखवून, चित्रं काढून, गाणी करून. नोव्हेंबर २०२० ला चांदोरला हजारो माणसं मध्यरात्री रेल्वेच्या रुळावर बसली, मेणबत्त्या घेऊन, पहाटेपर्यंत. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

पोरांनी एक गोष्ट फार चांगली केली. प्रत्येक आमदाराला लिहून विचारलं, तुम्ही बाजूने की विरोधात? पंचायतींचे ठराव घेतले. गोव्यात मतदारसंघ लहान, हजार मतांनी निकाल फिरतो, म्हणून आमदाराला घरी जाऊन विचारता येतं. तुमच्याकडे मतदारसंघ मोठे आहेत हे मान्य, पण जिल्हा परिषदेचा गट लहान असतो, पंचायत समितीचा गण अजून लहान. तिथून सुरुवात करा.

काजूबागायतदार

हे सगळं बरोबर आहे आणि आता मला थोडं पटायला लागलंय. पण मी गावात जाऊन बोलायचं तर मला आधी लोकांच्या खिशातलं बोलावं लागेल. वन्यप्राण्याने माणूस मारला तर राज्य २५ लाख देतं, त्याचा जीआर आहे. पिकाचं, फळबागेचं नुकसान झालं तर पंचनाम्यानंतर किती दिवसांत पैसे येतात हे तालुकावार विचारा. आणि रबर लागवडीसाठी साफ झालेल्या रानाचं विचारा. हे दोन प्रश्न आधी घातले तर गाव तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला बसून राहील. पहिलाच प्रश्न जर वाघाच्या कॉरिडॉरचा, म्हणजे त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेचा, आला तर अर्धी माणसं उठून जातील, त्यांना वाघ नको म्हणून नव्हे, हत्तीच्या पंचनाम्याला कुणी येत नाही म्हणून.

तिळारीकाठ

हे फार मोलाचं लिहिलंत. तसंच करूया.

माजी_कक्षअधिकारी काकांशी निरोपातून बोलणं झालं, त्यांनी साचा तपासून दिलाय. खाली टाकतोय. ज्यांचा आमदार किंवा विधान परिषद सदस्य ओळखीचा आहे त्यांनी त्यांच्यापर्यंत पोचवा, तिन्ही-चारी पक्षांच्या लोकांना द्या, कुणी विचारला ते इथे कळवा म्हणजे आभाराची पत्रं आपण सगळे पाठवू. गोव्यासाठी सत्तरीकर वेगळा मसुदा करतायत. गट नंबर आणि पंचनाम्याच्या तारखा ज्यांच्याकडे असतील त्यांनी जोडा, त्याशिवाय प्रश्नाला धार येणार नाही.

"(१) दोडामार्ग व सावंतवाडी (जि. सिंधुदुर्ग) तालुक्यांत वन्यप्राण्यांमुळे झालेल्या शेती व फळबागांच्या नुकसानीचे पंचनामे होऊनही भरपाई प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय; असल्यास, गावनिहाय किती प्रकरणे किती दिवसांपासून प्रलंबित आहेत;

(२) मा. उच्च न्यायालयाचे वृक्षतोड बंदीचे आदेश असताना दोडामार्ग तालुक्यात रबर व अननस लागवडीसाठी यंत्राद्वारे वृक्षतोड झाली, हे खरे आहे काय; असल्यास, गट क्रमांकनिहाय किती प्रकरणी कोणावर काय कारवाई करण्यात आली;

(३) मा. उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावांबाबत दिलेल्या आदेशानुसार राज्य शासनाने केंद्र शासनास कोणत्या दिनांकाच्या पत्रान्वये काय कळविले;

(४) पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्रातून वगळण्याची शिफारस राज्य शासनाने केलेल्या गावांपैकी किती गावांत खाणपट्टे मंजूर अथवा प्रस्तावित आहेत, तसेच सदर शिफारशीपूर्वी संबंधित ग्रामसभांचे ठराव घेण्यात आले होते काय;

(५) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?"

माजी_कक्षअधिकारी

चौथ्या उपप्रश्नात "किती गावांत" ऐवजी "कोणकोणत्या गावांत" करा. आकडा देऊन मोकळं होता येतं, नावं दिली की गावातला माणूस वाचतो.

काजूबागायतदार

दोन पंचनाम्यांच्या प्रती आणि एका गटाचा सातबारा निरोपात पाठवलाय. शेजारच्या दोघांचे आठवड्याभरात देतो, ते तयार आहेत.